जुन्या प्रती

बंदचालूकाका हे नाव त्यांना गल्लीनं बहाल केलं. कुणाचाही काँप्युटर अडो, त्यांचा पहिला सल्ला ठरलेला: "आधी बंद करून चालू करा." निम्म्यांचं काम तेवढ्यावरच भागायचं. उरलेल्यांकडे काका ब्रश घेऊन जात, पंख्यातली धूळ काढत आणि पासवर्डची चिठ्ठी स्क्रीनला चिकटवणाऱ्याला चांगलंच फैलावर घेत. "घराला कुलूप घालून किल्ली दारालाच अडकवता का हो?"

ते दिवस काकांच्या काँप्युटर दुरुस्तीच्या दुकानाचे. पुढे दुकान बंद झालं, बायको गेली आणि मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या शहरात राहायला गेली. घरांचे नकाशे काढायचं तिचं काम. काकांच्या दोन खोल्यांत दुरुस्त करण्यासारखं काही उरलं नाही. राहिला तो मुलीचा काँप्युटर. अडलं की ती फोन करायची, तिकडून परवानगी द्यायची, आणि तिचा स्क्रीन इथे काकांच्या टेबलावर उघडायचा. स्क्रीनवरचा बाण कधी ती हलवायची, कधी काका. लेकीच्या एवढ्या जवळ ते एरवी कधीच नसत.

पण अडलं तरच फोन. पोरीचाही दोष नव्हता, कामाचा रगाडाच तसा होता. आणि काकांचा हात असा चोख, की एकदा त्यांनी दुरुस्त केलं की अडायचंच नाही. गेल्या वर्षी सलग दोन महिने फोन नाही. काकांनी त्या दोन महिन्यांत स्वतःचा धडधाकट काँप्युटर तीनदा खोलून पुसला. आपणच आपल्या पायावर धोंडा मारून घेतला, असं त्यांना वाटायला लागलं.

मग प्रिंटरच्या निमित्तानं तिचा स्क्रीन उघडला, तेव्हा त्यांनी जन्मात न केलेली गोष्ट केली. नकाशे काढायचा तिचा प्रोग्राम प्रत्येक नकाशाच्या मागच्या दहा प्रती जपून ठेवायचा, अकरावी झाली की पहिली पुसायचा. काकांनी तो दहाचा आकडा काढला आणि तिथे 'सगळ्या' करून टाकलं. बस्स, एवढंच.

दर तीन आठवड्यांनी तिची डिस्क भरू लागली. काका एकेक प्रत पुसत बसायचे. एका झटक्यात पुसता येतात, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? पण ते मुद्दाम सावकाश पुसायचे आणि ती बोलत राहायची: वरिष्ठांचा खाष्टपणा, खिडकीला आणलेले पडदे, दुखणारी पाठ. त्या पाऊण तासात काका सुखी असत. फोन ठेवल्यावर मात्र मन खायचं.

एका सोमवारी ती भलत्याच वेळी फोनवर आली. आवाज बसलेला.

"बाबा, सगळं मुसळ केरात. गिऱ्हाईक समोर बसलंय आणि डिस्क भरली. नकाशा उघडेचना. उठून गेलं ते. काम गेलं."

काकांनी टेबलाशी खुर्ची ओढली आणि आपला काँप्युटर चालू केला.

"ऑफिसखालच्या दुरुस्तीच्या दुकानात काँप्युटर नेला," ती सांगत होती, "तर तो शहाणा म्हणतो, जुन्या प्रतींचा आकडा कुणीतरी हातानं बदललाय. मी म्हटलं, शक्यच नाही! या मशीनला बाबांशिवाय कुणाचा हात लागत नाही. भांडून तसाच परत आणला. तुम्हीच बघा."

तिनं परवानगी दिली. स्क्रीन उघडला. काकांनी आकडा पुन्हा दहा केला, जुन्या प्रती एका झटक्यात पुसल्या. दोन मिनिटंही लागली नाहीत.

"झालं पण?" ती म्हणाली.

"झालं. तो दुकानदार खरं बोलत होता बाळ. आकडा माझ्याच हातून..." पुढचा शब्द 'मुद्दाम' होता. तो काही केल्या बाहेर पडेना. "...माझ्याच हातून बदलला."

 पलीकडून ती बोलली ती इतक्या मायेनं, की त्यापेक्षा तिनं खडसावलं असतं तर बरं.

"असू दे हो बाबा. वय झालं की होतं असं. चूक माझीच, अजून तुम्हाला या कामाला जुंपत होते. यापुढे त्या खालच्या दुकानातच नेत जाईन. तुम्ही आता आराम करा."

"बरं," काका म्हणाले.