रॉकेटची तारीख आणि साहेबांची तारीख

आमच्या घरात हात आधी उठतो आणि तोंड मागून उघडतं. आजोबा बैलांना मारायचे, आबा गड्यांना मारायचे, दादा सगळ्यांना मारतो. मी काही यातून सुटलेली नाही. कॉलेजात असताना एसटीत मागून चिमटा काढणाऱ्या एकाला मी चपलेनं असा झोडला होता की कंडक्टरनं घंटी मारून गाडी उभी केली. घरी सांगितलं तर दादानं पाठ थोपटली, म्हणाला, ‘शोभतीस आबाची लेक!’ तेव्हा हे सगळं कुणी शहाणीसुरती बाई सांगतेय असं समजू नका.

आबा गेल्यापासून दादाच घराचा कर्ता. घाटनांदूरजवळ आमची बागायत, दारात पांढरी गाडी आणि गाडीच्या मागच्या काचेवर साहेबांचा हात जोडलेला फोटो. साहेब म्हणजे आमच्या भागातले पुढारी. दादा त्यांचा माणूस. देवाला एकवेळ हात जोडायचा राहील, पण साहेबांच्या फोटोला नाही.

माझं लग्न ठरलं ते एका इंजिनियरशी. आंध्रात समुद्राकाठी जिथून रॉकेटं उडवतात तिथं तो कामाला. घर लिंबागणेशकडचं. वडील एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर, आणि आजा-आजी कोयता घेऊन ऊसतोडीला जाणारे. दादाला हे आधी लई टोचलं. ‘कोयत्यावाल्याच्या घरात बहीण द्यायची?’ म्हणून त्यानं ताट भिरकावलं होतं. मग पारावर कुणीतरी त्याला ‘रॉकेटवाला जावई’ असं म्हणालं आणि त्याची छाती फुगली. मला मात्र तो माणूस वेगळ्याच गोष्टीसाठी आवडला. बघायला आला तेव्हा आमच्या कुत्र्यानं त्याच्या नव्या पँटला दात लावले. दादानं कुत्र्याला लाथ घातली. हा म्हणाला, ‘असू द्या हो, त्याला मी नवीन हाय.’ मी आत चहा ओतत होते, तिथंच मनात होकार दिला. मला या घरातून जायचं होतं आणि याच माणसाच्या घरी जायचं होतं. बाकी काही नको होतं.

आता आमच्याकडं लग्नाची तारीख कशी धरतात ते सांगते. तुम्हाला वाटेल भटजी धरतात. छे! आधी साहेबांच्या पीएला फोन जातो. साहेब ज्या दिवशी मोकळे, त्या दिवसात भटजींनी मुहूर्त शोधायचा, आणि तो बरोबर सापडतो. मांडवात तो मुहूर्त टळला तरी कुणाला काही वाटत नाही. माझ्या चुलत बहिणीच्या लग्नात साहेबांची गाडी यायची म्हणून मंगलाष्टकं मध्येच थांबवली होती. नवरा-नवरी अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंना घामाघूम. साहेब आले, शाली झाल्या, फेटे झाले, भाषण झालं, आणि मग मंगलाष्टकं पुन्हा पहिल्यापासून. पण साहेबांची तारीख बदलली असं मात्र मी कधी पाहिलं नाही.

रॉकेट आमच्या लग्नाच्या चांगलं आठवडाभर आधी उडायचं होतं. ते उडालं की त्याला सुट्टी. पण त्याचा फोन आला, उड्डाण पुढं गेलं.

‘कावून?’ मी विचारलं.

‘वर वारा जास्त हाय. खाली पान हालत न्हाई, पण वर लई वारा.’

‘मग एवढे शिकलेले तुमी काय करायलाव तिथं?’

‘वाट बघायलोत.’

‘राग न्हाई येत?’

‘येतो की. पण रागात बटण दाबलं तर वाटोळं होतं.’

मला हसू आलं. आमच्या घरच्यांच्या हाती दिलं असतं तर राग आला म्हणूनच उडवून मोकळे झाले असते.

नवी तारीख पडली ती लग्नाच्या दोन दिवस आधीची. उडालं की गाडी करून तो हळदीला पोचला असता. जमण्यासारखं होतं. पण दादाला असं जर-तर सहन होत नाही. त्यानं सगळ्यांसमोर ओसरीवर बसून पीएला फोन लावला. ‘ते रॉकेट हाय न्हवं, आमच्या जावयाचं? ते जरा लग्नाच्या पल्याड ढकलायचं बघा. साहेबांच्या शब्दाबाहेर कोण हाय?’

हसू नका. दादाचं काय चुकलं? आमच्याकडं मास्तरची बदली फोनवर होते, जळालेला विजेचा डीपी फोनवर बदलून मिळतो, पोलिसातला अर्ज फोनवर गायब होतो. रॉकेट तेवढं का हलू नये? आणि पीए तरी कसला वस्ताद! त्याला फोन ठेवायची घाई. ‘सांगतो वर. झालं समजा,’ म्हणाला.

आणि बघा नशीब, दुसऱ्या दिवशी उड्डाण खरंच पुढं गेलं. वाऱ्यानंच. पण दादानं हॉटेलवर पेढे वाटले. ‘रॉकेट थांबवलं बे आपण!’ म्हणत टेबलावर थापा मारल्या. दुपारी नवऱ्या मुलाचा फोन आला. नवी तारीख नेमकी लग्नाच्या दिवसाची होती.

गावात ही बातमी आमच्या घराआधी पोचली. हॉटेलवर एकजण म्हणाला, ‘दादा, ढकलायचंच होतं तर अजून एक दिस ढकलायचं की! धक्का कमी पडला जणू.’ सगळे खो-खो हसले. दादानं हातातला गरम चहाचा ग्लास त्याच्या तोंडावर फेकला. त्याची भुवई फुटली आणि मानेवर फोड आले. दादा घरी आला तो लाथेनं दार उघडूनच. आई भिंतीला चिकटून उभी राहिली. लहानपणापासून मला त्या भिंतीवरची तिची जागा माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात मांडव घालणं चाललं होतं आणि ओसरीवर कासारीण मला हिरवा चुडा भरत होती. तेवढ्यात फाटकातून माझे होणारे सासरे आले. मी त्यांना मामा म्हणत असे. धुवट पांढरे कपडे, डोक्याला टोपी, हातात पिशवी. एसटीनं आले होते आणि फाट्यापासून चालत. आईनं पाण्याचा तांब्या पुढं ठेवला. मामा बसले नाहीत. उभ्यानंच हात जोडून म्हणाले, ‘मालक, पोराला निघता येत न्हाई. त्याच्या हातात न्हाई ते. लग्न चार दिस पुढं घेऊ. खर्च वाढंल तो आमच्याकडं लागला. तुमच्या पाया पडतो.’

‘साहेबांची तारीख हाय,’ दादा म्हणाला. आवाज अगदी हळू होता. आमच्या घरात तो आवाज ऐकला की भांडी उचलून ठेवतात.

‘साहेबांनाबी मी हात जोडतो.’

‘साहेबांची तारीख हाय म्हणलं न्हवं?’

मामा साधा माणूस. त्यांच्या तोंडून खरं ते निघून गेलं. ‘मालक, साहेब एक डाव न्हाई आले तरी लग्न लागतंच की. नवरदेव न्हाई आला तर कसं लागंल?’

मांडव घालणारे फिसकन हसले. मला वाटतं त्या हसण्यानंच घात केला. दादानं मामांच्या थोबाडीत मारली. टोपी लांब जाऊन पडली. मामा ती उचलायला वाकले, आणि दादानं मांडवाचा लोखंडी पाइप उचलला. ‘थेरड्या, ऊस तोडणारी औलाद, मला अक्कल शिकवतो?’ पहिला दणका खांद्यावर बसला. दुसरा डोक्यावर येत होता, तेव्हा मामांनी हात आडवा घातला. हाड मोडल्याचा आवाज मला ओसरीवर ऐकू आला. तरी पाइपाचं टोक कपाळावर बसलंच. रक्त डोळ्यात उतरलं आणि मामा गुडघ्यांवर बसले. ओरडलेसुद्धा नाहीत. मांडववाले बघत उभे. हसणारे तेच आणि बघणारेही तेच, मुडदे!

मी कासारणीच्या हातातून हात ओढून घेतला आणि धावले. पाइप दोन्ही हातांनी धरला. दादानं हिसडा दिला तशा माझ्या मनगटावरच्या बांगड्या कडाकडा फुटल्या आणि काचा आत घुसल्या. मी त्याच्या हाताला चावले. त्यानं माझे केस धरून मला खाली आपटलं. हाताला पाण्याचा भरलेला तांब्या लागला. मी उठले आणि सगळा जीव एकवटून तो त्याच्या कानशिलावर हाणला. दादा मटकन खाली बसला. आणखी एक मारावासा वाटला मला. खोटं कशाला सांगू, लई वाटला.

आई किंचाळत आली. ‘अगं बाई, चुडा! हिरवा चुडा फुटला गं!’ आणि खाली बसून ती काचा वेचायला लागली. शेजारी मामा रक्तात बसलेले, आणि ती काचा वेचतेय.

‘आई, माणूस मेला असता!’

‘अपशकुन झाला गं,’ ती म्हणाली. वेचलेल्या काचा ती पदरात बांधायला लागली. तेव्हा मला तिचा भयंकर राग आला, आणि कीवही आली.

मी मांडववाल्याच्या टेम्पोत मामांना घातलं आणि अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात निघाले. त्यांच्या कपाळावर माझी ओढणी दाबून धरली होती. नवऱ्या मुलाला फोन लावत होते, पण तो बंद. कामावर जाताना त्यांचे फोन बाहेर जमा करून घेतात. मामा म्हणाले, ‘पोराला कळवू नको. तिथं त्याचा हात हालायला नको.’ मग थोड्या वेळानं आपणच बोलायला लागले. ‘एकदा बीडच्या स्टँडवर गाडी लेट आणली म्हणून पब्लिकनं मला खाली वढून मारलतं. टायर फुटलं तर मी काय टायरात बसलतो व्हय? पर पब्लिकला मोठा सायेब कुठं घावतो? ड्रायव्हर समोर असतो, त्याला धरायचं.’ आणि ते चक्क हसले. मला रडू फुटलं.

दवाखान्यात त्यांना टाके पडले, हाताला प्लास्टर बसलं. नर्स माझ्या मनगटातल्या काचा काढत होती, तेव्हा फोन वाजला. तोच होता. आवाजात नुसता आनंद.

‘पुन्हा पुढं गेलं! वारा थांबायचं नाव घेईना. चांगलं आठवडाभर पुढं गेलं. मला सोडलंय, मी निघालोय. मुहूर्ताला पोचतो बघा!’

म्हणजे आता तारीख मोकळी होती. लग्न ठरल्या दिवशी लागलं असतं. मामा अर्धा दिवस घरीच थांबले असते तर फाटकातून आत यायची वेळच आली नसती. माझ्या अंगाचा नुसता जाळ झाला. ‘आग लागो तुमच्या त्या वाऱ्याला!’ मी वॉर्डात ओरडले. ‘इकडं तुमच्या बापाचा हात मोडलाय माझ्या भावानं. मांडवात येऊ नका, दवाखान्यात या!’

त्यानं वडिलांचं एवढंच विचारलं, ‘आप्पा बोलायलेत का?’ मी हो म्हणाले. ‘आलो,’ म्हणाला आणि फोन ठेवला. तो माझ्यावर चिडला की नाही, लग्न आहे की मोडलं, मला काही कळलं नाही.

तासाभरात दादा आला. कान सुजलेला, तोंडावर हसू, हातात फळांची पिशवी. रॉकेट पुढं गेल्याचं त्याला कुणाकडून तरी कळलं होतं. ‘बघितलंस? सकाळी पुन्हा फोन केलता मी. ढकललं का न्हाई रॉकेट?’ मग मामांच्या पायाशी बसून म्हणाला, ‘मामा, झालं गेलं गंगेला मिळालं. आता परवा लगीन वाजवून टाकू. तुमी पडलात, हो न्हवं?’

त्याच्या मागोमाग चौकीतले हवालदार आले. मारहाणीचा पेशंट म्हणून डॉक्टरांनी कळवलं होतं. हवालदारांनी स्टूल ओढलं आणि विचारलं, ‘बाबा, कशानं लागलं?’

मामांनी दादाकडं बघितलं नाही. माझ्याकडं बघितलं. ‘पडलो,’ म्हणाले. ‘मांडवाचा खड्डा खंदलेला, ध्यान गेलं न्हाई.’

भ्याले म्हणून ते खोटं बोलत नव्हते. मला कळलं. खरं सांगितलं तर माझं लग्न तिथंच मोडलं असतं, म्हणून मोडका हात ते मुकाट्यानं गिळत होते. आणि मी त्यांच्या घरात जाऊन रोज त्या हातात ताट द्यायचं?

‘खोटं हाय,’ मी म्हणाले.

‘गप बस,’ दादा दातओठ खात म्हणाला. ‘लगीन मोडंल तुझं. मग आयुष्यभर बस या घरात माझ्याजवळ.’

जगात मला एकाच गोष्टीची भीती होती, आणि ती त्यानं बरोबर बोलून दाखवली.

‘ताई, तुमी कोण पेशंटच्या?’ हवालदारांनी विचारलं.

‘सून.’

‘लगीन तर परवा हाय म्हणतेत हे.’

‘लागलं तर परवा लागंल. न्हाई लागलं तर न्हाई. यांना माझ्या सख्ख्या भावानं लोखंडी पाइपानं मारलंय. मी डोळ्यांनी बघितलंय. लिवा.’

हवालदारांनी साहेबांच्या फोटोवाल्या गाडीची ओळख असल्यासारखं दादाकडं बघितलं, मग माझ्या पट्टी बांधलेल्या मनगटाकडं, आणि शेवटी खाटेकडं वळले. ‘बाबा, तुमी तर पडलो म्हणालाव. आता काय लिवू?’

मामांनी चांगला हात माझ्या डोक्यावर ठेवला.

‘लिवा सायेब,’ ते म्हणाले. ‘माझी सून सांगती तसंच झालं. मी पडलो न्हाई.’