आधीचा व्हिडिओ

"पोरीचं नाव काढून टाका," कोमलचा बाप बाळू दारातूनच मोठ्या सरांना म्हणाला.

मी खिचडी वाढत होते. शेंद्र्याजवळच्या एका सरकारी शाळेत पोरांचा दुपारचा स्वयंपाक माझ्याकडे आहे.

"झालं काय, बाळू?"

"कंपनीच्या कॅन्टीनला समदे पोरीचा व्हिडिओ दाखवायलेत. चौथीतली पोरगी, अन् 'पा... पा...' करायली. मला बघून लई हसले. वाचता येतच नाय तर शाळा कशाला? मेंढरं तरी राखील."

व्हिडिओ प्रतीक्षा मॅडमने काढलेला. शिक्षक व्हायच्या कोर्सची पोरं काही आठवडे आमच्याकडे शिकवायला येतात. त्याला इंटर्नशिप म्हणतात. प्रतीक्षा त्यातलीच. कॉलेजला दोन व्हिडिओ दाखवायचे असतात. 'आधी' पोराला येत नव्हतं, 'नंतर' यायला लागलं. प्रतीक्षाने 'आधी'चा स्टेटसला ठेवला. तिथून तो गावाच्या ग्रुपवर गेला.

पण कोमल वाचते. तेलाच्या पुड्यावरचं मला रोज वाचून दाखवते. सुटल्यावर मी तिच्या घरी गेले. ती कोकरांना पाला टाकत होती.

"येतंय ना तुला? मग अडलीस कशी?"

"मॅडमनीच अडखळायला सांगितलं व्हतं. म्हणल्या, नीट उद्या वाच."

दुसऱ्या दिवशी प्रतीक्षाला नळाजवळ गाठलं.

"मावशी, सगळ्याच करतात हो असं. मी डिलीट केलाय."

"तुझ्या मोबाईलमधून. कंपनीतल्या मोबाईलमधून कोण करणार?"

"सरांना कळलं तर कॉलेज नापास करेल."

"करू दे. तुला परत बसता येईल. ती पोरगी एकदा मेंढरांमागं गेली की गेली."

ती रडली. मी पातेलं घासत राहिले. रडून झाल्यावर ती सरांच्या खोलीत गेली.

संध्याकाळी सर, प्रतीक्षा अन् मी बाळूकडे गेलो. प्रतीक्षाने सगळं सांगितलं. वर म्हणाली, "मी आता 'नंतर'चा व्हिडिओ ग्रुपवर टाकते. त्यात ती किती छान वाचते!"

कोमल आईच्या मागं लपली.

"पुन्हा पोरीचं तोंड नको," बाळू म्हणाला. "आता तुझं दाखव."

तिथंच ओट्यावर बसून प्रतीक्षाने स्वतःचा व्हिडिओ काढला. त्या व्हिडिओतल्या मुलीला वाचता येतं, मीच तिला खोटं अडखळायला लावलं, असं स्वतःचं नाव-गाव सांगून बोलली. त्याच ग्रुपवर टाकला.

सोमवारी कोमल शाळेत आली. प्रतीक्षाला कॉलेजने इंटर्नशिप पुन्हा करायला लावली. तिचा तो व्हिडिओ फारसा कुणी पुढं पाठवला नाही. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. कोमलला काही पोरं अजून 'पा-पा' म्हणतात.

आता इंटर्नशिपच्या नव्या पोरी आल्या की सर त्यांना पहिल्याच दिवशी सांगतात, पोराचा चेहरा काढायचा असेल तर आधी त्याच्या घरी जाऊन विचारून या. एवढ्या उन्हात कोण जातं? बऱ्याच जणी फळ्याचा फोटो काढतात. तेवढ्यावरही मार्क मिळतात म्हणे.