देवरे सरांनी मोजलेला उकाडा

शाळेत रुजू झाले त्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत शिरले, तर एक किरकोळ अंगाचे, पन्नाशी ओलांडलेले गृहस्थ हेडमास्तरांच्या शर्टाची बाही चिमटीत धरून उभे होते. "टेरिकॉट आहे," ते म्हणाले, "आतून बनियन. आता सांगा, किती उकडतंय? शून्य ते पाच. शून्य म्हणजे झकास, पाच म्हणजे जीव नकोसा." हेडमास्तरांनी मुकाट्याने "साडेतीन" सांगितलं आणि गृहस्थांनी ते वहीत लिहून घेतलं. हे देवरे सर. विज्ञान शिकवायचे.

ही नव्वदच्या दशकातली, सुरतेतली गोष्ट. माझे यजमान बँकेत. त्यांची बदली झाली म्हणून मी साताऱ्याहून इथे आले आणि लिंबायतजवळच्या एका मराठी शाळेत भाषा शिकवू लागले. वर्गांवर पत्रे होते. मुलं बहुतेक खानदेशातून आलेल्या माग कामगारांची. सर स्वतः शिरपूरकडचे. एका खोलीत एकटे राहायचे. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, गावी शेत आणि सासू सांभाळायच्या. दर मे महिन्यात सर गावी जायचे आणि सुरतेत घालायचे तोच शर्ट तिथे घालून उन्हात बसायचे.

"बाई, गावाला ऊन इथल्यापेक्षा कडक," ते मला सांगत. "पण तिथला माणूस डोक्याला उपरणं गुंडाळून, अंगभर कपडे घालून शेतात काम करतो, आणि त्याला बरं वाटतं. कोरडी हवा. घाम आला की उडतो, अंग गार पडतं. कापड उन्हाला अडवतं. तोच माणूस तेच कपडे घालून इथे आला की म्हणतो, गुदमरतोय. कापड बदललं नाही, माणूस बदलला नाही. मग बदललं काय?" असा प्रश्न टाकून ते तासाला निघून जात. उत्तर आपणच शोधायचं.

मी भाषेची बाई, पण मला त्याची गोडी लागली. मधल्या सुट्टीत मी त्यांच्या प्रयोगशाळेत जाऊन बसू लागले. प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट आणि दोन टेबलं. सर सारख्या डब्यांत सारखंच गरम पाणी भरत, त्यांना वेगवेगळी कापडं गुंडाळत, आणि मी थर्मामीटर वाचून आकडे सांगत असे. एकदा ते मध्येच थांबले. "यात एक खोट आहे," म्हणाले. "डब्याला घाम येत नाही."

त्याच वर्षी शाळेला नवा गणवेश मिळायचा होता. आमचे एक ट्रस्टी कापडाचे व्यापारी. ते सगळ्या मुलांना पॉलिस्टरचं कापड देणार होते. मुलं रुबाबदार दिसावीत म्हणून पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि टाय ठरला होता. शेठ स्वतः नमुना घेऊन आले, तेव्हा सरांनी कापड ओठांशी धरून त्यातून फुंकर मारून पाहिली आणि म्हणाले, "मुलांना हे सोसणार नाही."

"कापड तो मफत छे, पछी वांधो शेनो?" शेठ म्हणाले. फुकट मिळतंय तर हरकत कसली, हा त्यांचा प्रश्न खरा होता. सरांनी पालकांच्या सभेपर्यंत मुदत मागून घेतली. सभेत सुती गणवेशच हवा असं सांगायचं, हे त्यांच्या मनात पक्कं होतं. पण ते इतक्या खात्रीने बोलत होते, की पुरावा हवा हेही त्यांनाच वाटलं.

मग आठ दिवस सरांनी स्वतःवर प्रयोग केले. एक दिवस नमुन्याच्या कापडाचा शर्ट आणि टाय घालून सहा तास शिकवलं. मुलं तोंड दाबून हसत होती आणि सरांच्या कानांमागून घाम ओघळत होता. दुसऱ्या दिवशी सुती शर्ट. रोज शर्ट घालायच्या आधी आणि काढल्यावर तराजूत तोलायचा, म्हणजे त्यात किती घाम मुरला ते कळेल. ऑगस्टचा दमट महिना. सुती शर्ट दुपारी ओला झाला तो शाळा सुटेपर्यंत वाळलाच नाही, पाठीला चिकटून राहिला. सरांनी आकडे पुन्हा एकदा तपासले.

"माझं सुताचं गणित खानदेशातलं आहे, बाई," शेवटी ते म्हणाले. "इथल्या हवेला विचारलंच नव्हतं मी."

सभेच्या चार दिवस आधी सुकदेवभाऊ आले. गोडादऱ्याला राहायचे, पॉलिस्टरचे माग चालवायचे, त्यांची दोन मुलं आमच्याकडे होती. सर पॉलिस्टरच्या विरोधात बोलणार, हे वस्तीत पसरलं होतं. ते उंबऱ्याशीच उभे राहिले.

"सर, आमनं पोट याच कापडवर चालस," ते म्हणाले. "तुम्ही त्याले वाईट म्हनात, तं आम्ही काय करानं?"

सरांनी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि कापड त्यांच्या हातात ठेवलं. "वाईट म्हणत नाही. हे हवा एवढी का कोंडतं, ते तुम्ही सांगा. तुम्ही विणता."

सुकदेवभाऊंनी कापड उजेडात धरलं. वीण फार दाट आहे, म्हणाले. हे कोट-सुटाचं कापड, पोरांचं नाही. बारीक धाग्याचं विरळ विणलेलं कापडही निघतं, वारा आरपार जातो. दुसऱ्या दिवशी त्यांनी तसा तुकडा आणून दिला. शाळेच्या शिंप्याने त्याचा सैल, अर्ध्या बाह्यांचा शर्ट शिवला. सरांनी तो दिवसभर घातला, घामाने दोनदा भिजवला, दोनदा अंगावरच वाळू दिला, आणि संध्याकाळी वहीत आकडा लिहिला: दोन.

सभेत सर उभे राहिले आणि पहिलं वाक्य बोलले, "सूतच पाहिजे, असं मी सगळ्यांना सांगत होतो. ते चूक होतं." मग त्यांनी सगळं सांगितलं. शेठ ऐकत होते, पण टाय सोडायला तयार नव्हते. तेव्हा सर हात जोडून म्हणाले, "शेठ, तुमच्या एसी ऑफिसात हा टाय शोभतो, त्रासही होत नाही. एक तास पाचवीच्या वर्गात बसा. मग तुम्ही म्हणाल ते."

शेठ खरंच बसले. पत्र्याखाली, शेवटच्या बाकावर, कोटासकट. मी कविता शिकवत होते. वीज गेलेली. वीस मिनिटांनी त्यांनी कोट काढून मांडीवर घेतला, मग टाय सैल केला. तास संपल्यावर सर दाराशी वही घेऊन उभे होते. शेठ रुमालाने मान पुसत नुसता पंजा दाखवून गेले. पाच. त्या वर्षी मुलांना विरळ विणीचे सैल शर्ट मिळाले आणि टाय कुणालाच मिळाला नाही.

दोन वर्षांनी सर निवृत्त झाले. निरोपाचा कार्यक्रम मधल्या सुट्टीत आटोपल्यावर मी कपाट आवरायला गेले, तर ते जुन्या वह्या चाळत बसले होते.

"बाई," ते म्हणाले, "यात हेडमास्तर आहेत, शिपाई आहेत, मुलं-मुली आहेत, शेठसुद्धा आहेत. तुम्ही आठ शिक्षिका रोज माझ्यासमोर साडी नेसून पत्र्याखाली उभ्या राहिलात. मी एकदाही विचारलं नाही. आधी संकोच वाटला आणि मग सवयच झाली. घरी तीस वर्षं ही चुलीपुढे उभी असते, तिलाही नाही विचारलं."

मी हसून टाळणार होते. पण ते खरंच थांबले होते, पेन उघडून. मग मी सांगू लागले. निऱ्या खोचतो तिथे कापडाच्या घड्यांवर घड्या येतात, त्याखाली परकराची नाडी. तिथे घाम साचतो आणि उन्हाळाभर पुरळ उठतं. सिंथेटिक साडी दिवसभर नेटकी दिसते म्हणून शाळेला तीच नेसायची, पण ती पायांत गुंडाळली जाते. खळ घातलेली सुती साडी अंगापासून जरा दूर उभी राहते, आत वारा खेळतो. पण दुपारपर्यंत तिचा चोळामोळा होतो आणि मग कुणीतरी म्हणतं, बाई आज गबाळ्या दिसताहेत. फळ्यावर लिहिताना पाठ उघडी पडू नये म्हणून पदर ओढून घ्यायचा, म्हणजे आणखी एक थर.

सर एकेक गोष्ट वहीत लिहून घेत होते. घंटा झाली, माझा नववीचा तास होता. मी उठले नाही. इतकी वर्षं आपल्याला इतकं सांगायचं होतं, हे मला ते सांगतानाच कळत होतं.

"आणि किती?" शेवटी त्यांनी विचारलं. "शून्य ते पाच."

"रोज साडेचार, सर," मी म्हटलं.

त्यांनी ते लिहिलं, आणि वही मिटायच्या आधी चष्मा काढून डोळे पुसले.