कढईचा दिवा आणि पुण्याचा रस्ता

नातीला सातवा लागला आणि पुण्याहून व्याह्यांचं बोलावणं आलं. डोहाळजेवणाला या आणि पहिलटकरणीला माहेरी घेऊन जा. जायचं तर होतंच, पण न्यायचं-आणायचं कोणी, यावर आमच्या घरात दोन दिवस धुसफुस चालली. माझा मुलगा मल्लिनाथ, त्याचं सोलापुरात सात रस्त्याच्या चौकात कापडाचं दुकान. लग्नसराईत त्याला जेवायला फुरसत नसते. तो म्हणाला, ड्रायव्हर बघतो. माझी सून लीला म्हणाली, ड्रायव्हर कशाला, मी नेते.

लीलाला गाडी येते. शुक्रवार पेठेतल्या आमच्या बोळातून ती गाडी अशी काढते की कडेला झोपलेलं कुत्रं कूस बदलत नाही. पण हायवेला कधी गेलेली नव्हती. मल्लिनाथने शेवटी मान हलवली, पण अट घातली. जाताना काही झालं, गाडीत एक दिवा जरी लागला, तरी तिथंच थांबायचं. तो ड्रायव्हर घेऊन येईल, आणि मग पोरीला आणायचं कामसुद्धा ड्रायव्हरच करील. पोटुशी पोरगी शिकाऊ हातात देणार नाही, असं म्हणाला. लीला नुसतं बरं म्हणाली. आपली लेक आपण घरी आणायची, एवढंच तिच्या मनात होतं. ते तिने बोलून दाखवलं नाही आणि मीही विचारलं नाही. पोळपाटावर भाकरी जरा जास्त जोरात आपटत होती, त्यावरून कळलं.

सामानाचं सांगते, कारण पुढे त्याचाच तमाशा झाला. लेकीच्या घरी रिकाम्या हाताने जायचं नसतं. कडक भाकऱ्यांचा डबा, शेंगाचटणी, खीर करायला खपली गहू, ज्वारीचं अर्धं पोतं, चादरी, ओटीचं साहित्य. डिकी खच्चून भरली. उरलेलं मागच्या सीटवर, आणि त्याच्यातूनही उरलेलं माझ्या मांडीवर. मल्लिनाथने चारी चाकांना एकेक लाथ मारली आणि म्हणाला, हवा ठीक हाय. मी गाडीला विभूती लावली. दोघांनी आपापल्या परीने तपासणी केली म्हणायची.

उजाडता उजाडता निघालो. तुम्ही जाणार असाल तर तेव्हाच निघा, उन्हं चढायच्या आत बराच रस्ता मागे पडतो. रस्ता चौपदरी, चांगला. टोल आपोआप कापला जातो, सुट्ट्यांची कटकट नाही. घरून चहा पिऊन निघालात तर मोहोळच्या आधी एखादा पेट्रोल पंप गाठा, बायकांच्या सोयीचं मी उगीच सांगत नाही. थंडीचे दिवस, दोन्ही बाजूंना ज्वारी उभी, मधून मधून उसाच्या ट्रॉल्या. त्या ट्रॉल्यांच्या मागे चिकटून जाऊ नका. त्यांना मागचं काही दिसत नाही आणि दिसलं तरी त्यांना काही वाटत नाही.

मोहोळ गेलं आणि लीलाच्या पुढ्यात एक पिवळा दिवा लागला. मला तो कढईत उभा केलेल्या उलथन्यासारखा दिसला. मी म्हटलं, गाडीला भूक लागली का काय. लीला हसली नाही. "इदेनु," म्हणाली. म्हणजे हे काय. ती घाबरली की कन्नडात जाते. मग तिनेच सांगितलं, हा हवेचा दिवा. कुठल्या तरी चाकात हवा कमी झाली की लागतो. गाडीबरोबर आलेलं पुस्तक तिने दुपारच्या वेळी वाचून काढलं होतं. घरात ते पुस्तक उघडणारी ती एकटीच.

तिने ब्रेक दाबला नाही. वेग हळूहळू कमी केला, डाव्या अंगाला आली आणि मोडनिंबच्या अलीकडे एका कडुनिंबाखाली गाडी उभी केली. तिथं एक बाई बोरांची टोपली घेऊन बसलेली होती. मागचं डावं चाक खाली बसलेलं. फार नाही, पोट सुटलेल्या माणसासारखं जरासं. लीला म्हणाली, "ह्यांना फोन लावू का, आत्या?"

"आदी टायर बग," मी म्हटलं. "नवरा कुटं पळून चाललाय."

हवा भरायचा पंप गाडीत होता. कुठे होता, तर डिकीच्या तळाशी, स्टेपनीच्या बाजूला. म्हणजे खपलीच्या खाली, ज्वारीच्या खाली, चादरींच्या खाली. सगळं उतरवावं लागलं. चादरी अंथरल्या, त्यावर डबे ठेवले, ज्वारीचं पोतं झाडाला टेकवलं. तेवढ्यात बोरवाली उठून आली. काळीसावळी, कमरेला पदर खोचलेला, आवाज माझ्यापेक्षा वरचा.

"ओ आज्जी, हितं माझं गिऱ्हाईक थांबतंय. तुमी दुकान कुटं मांडताय?"

मी म्हटलं, "बाई, दुकान मांडाया मला काय सोलापुरात जागा न्हवती व्हय? चाक बसलंय."

तिचा विश्वास बसेना. आणि बसावा तरी कसा, त्याच वेळी एक गाडी थांबली, काच खाली झाली आणि आतल्या साहेबांनी कडक भाकरी कशी दिली म्हणून विचारलं. मी सांगितलं, ही विकायची नाही, माझ्या नातीची आहे. साहेब म्हणाले, चटणी तरी द्या. बोरवालीला आता हसू फुटलं. तिनेच साहेबांना परतवलं, म्हणाली, ह्यांच्या पोरीचं डोहाळजेवण हाय, तुमाला कुटले डोहाळे लागले. साहेबांनी मुकाट्याने बोरं घेतली आणि निघून गेले.

तोवर लीलाने पंपाची वायर गाडीतल्या सॉकेटात खोचली होती. दाराच्या आतल्या कडेला चिठ्ठी चिकटवलेली असते, कुठल्या चाकात किती हवा, ते तिथं लिहिलेलं असतं. मला हे माहीत नव्हतं. तुम्हालाही नसेल तर आज बघून घ्या. ती आकडा वाचत होती, पंप घरघरत होता, आणि नेमका मल्लिनाथचा फोन आला. लीलाचा फोन माझ्या हातात होता, मी घेतला. कुठं पोचलात म्हणाला. खोटं बोलून मला काय मिळणार होतं. सांगितलं, दिवा लागलाय, तुझी बायको हवा भरतीय. तो तिकडे एकदम चढला. हलू नका, निघालोच, ड्रायव्हरला घेतो.

लीलाने हात पुसला आणि फोन मागून घेतला. तिचा आवाज चढला नाही.

"तुमी येऊ नका. दिव्यानं सांगितलं, मी थांबले. हवा भरतीय. टिकली तर म्होरं जाऊन पंक्चर काढून घेते. न्हाय टिकली तर मीच तुमाला फोन करते, मग ड्रायव्हर पाटवा, मी एक शब्द बोलणार न्हाय. पर आदी मला बगू द्या की."

मग तो म्हणाला, बरं. बरं हा शब्द आमच्या घरात तोवर लीलाच म्हणत आलेली.

हवा भरून आम्ही थांबलो. हवा टिकते का बघायला थांबावंच लागतं, घाई करून उपयोग नाही. बोरवाली आमच्या पोत्यावरच बसली आणि तिच्या लेकीची बाळंतपणं सांगितली, मी माझी सांगितली. लीलाने परत आकडा बघितला. थोडा उतरला होता, पण पंक्चरच्या दुकानापर्यंत जाण्याइतका होता. सामान चढवायला बोरवालीने हात लावला. पंप मात्र लीलाने आत जाऊ दिला नाही, माझ्या पायाशी ठेवला. निघताना मी बाईला भाकऱ्या आणि चटणी दिली. तिने माझ्या ओच्यात बोरं ओतली, पोरीला आंबट लागतंय म्हणून. विकत नको, दिलेली आहेत, असं दोनदा बजावलं.

मोडनिंबला दुकान उघडं होतं. चाकात एक बारका स्क्रू निघाला. दुकानदाराने रबराची वात घातली, साबणाचं पाणी टाकून बुडबुडा येत नाही असं दाखवलं, झालं. पण दिवा जाईना. लीला म्हणाली, पुस्तकात लिहिलंय, थोडं चालवल्यावर जातो. टेंभुर्णी आलं, दिवा आहे. उजनीचं पाणी दिसलं. लोक तिथं फोटो काढायला थांबतात, तुम्हीही थांबा, पाणी बघण्यासारखं आहे. आम्ही दोघी कढई बघत होतो. मी आयुष्यात चुलीवरच्या कढईकडे एवढं टक लावून बघितलेलं नाही. इंदापूरच्या अलीकडे ती गेली. मीच पहिली बघितली.

"गेला बग," म्हटलं.

"बगितलं," लीला म्हणाली, आणि खिडकी खाली केली. तोवर काच बंद होती, हे आम्हाला कळलंच नव्हतं.

इंदापूरला चहा प्यायलो. पुण्यात शिरताना गर्दी फार, तिथं वेळ धरूनच निघा. पोचायला उशीर झाला, पण पंगत थांबली होती. व्याही मंडळींनी ताटात बरंच काही मांडलं होतं. नातीने त्यातलं काही काही खाल्लं आणि बोरं सगळी खाल्ली.

खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी. निघताना विहीणबाई हळूच म्हणाल्या, आमचा ड्रायव्हर देऊ का सोबत? भल्या बाई आहेत, काळजीनेच म्हणाल्या. लीला तेव्हा पार्किंगमध्ये खाली बसून चौथ्या चाकाची हवा बघत होती. गाडी चालवून चाकं तापायच्या आधी बघायची असते. तिने वर बघितलं नाही, हातही थांबला नाही. नात तिच्या मागे उभी होती. ती म्हणाली, "नको. आई दिवा लागला की थांबते." आणि जाऊन मागे बसली, उशी घेऊन.

येताना रस्ता तोच, पण लहान वाटला. मोडनिंबच्या पुढे गाडी वळवून त्याच कडुनिंबाखाली थांबलो, बोरवाली होती. तिने नातीच्या पोटाकडे बघितलं, मग चाकाकडे बघितलं आणि दोन्ही ठीक आहेत म्हणाली. दिवा घरापर्यंत लागला नाही.

पुण्याचं मला फार काही आठवत नाही, खरं सांगायचं तर. उंच उंच इमारती आणि पाणी कमी. त्या दिव्याचे मात्र माझ्यावर उपकार आहेत. तो लागला नसता तर चाक कुठे तरी भर रस्त्यात बसलं असतं. आणि लीलाला काय काय येतं हे आम्हाला अजून कळलं नसतं. बोरवालीचेही आहेत. देवाचे आहेतच, पण ते नेहमीचेच.

आम्ही बोळात शिरलो तेव्हा मल्लिनाथ दारातच उभा होता. लेकीला उतरवून घेतलं, मग सवयीने चाकाकडे वळला आणि पाय उचलला. लीलाने त्याच्या हातात पंप दिला. त्याने पाय खाली टेकवला.

"किती पायजे हवा?" त्याने विचारलं.

"दारावर लिवलंय," लीला म्हणाली, आणि लेकीची पिशवी घेऊन आत गेली.

आता नातीला दवाखान्यात न्यायचं असतं तेव्हा लीलाच नेते. मल्लिनाथ आधी खाली उतरतो, गाडीचं दार उघडून चिठ्ठी वाचतो आणि चाकाशी उकिडवा बसतो. लाथ मारत नाही.