प्रेअरीवर काय करायचं

माझ्या नवऱ्याला स्ट्रोक आला तेव्हा आमच्या कॅनडाच्या ट्रिपचं बरंचसं ठरलं होतं. नागपूरचा त्याचा कॉलेजमधला मित्र तिकडे प्रेअरीवर राहतो. डोंगर नाहीत, झाडं फारशी नाहीत, नुसतं गवत, गव्हाची शेतं आणि मधूनमधून उथळ तळी. सप्टेंबरात उत्तरेकडून रानहंस आणि क्रौंच त्या तळ्यांवर उतरतात. आधी मासेमारी, मग रानहंसांची शिकार आणि उरलेला वेळ माझ्यासाठी, म्हणजे दुर्बीण लावून बघत बसायचं, असं त्या दोघांनी फोनवर ठरवलं होतं. नवरा इंग्लंडात लीड्सला आल्यापासून रिझर्वॉयरवर गळ टाकून बसायचा, मासा लागला की परत पाण्यात सोडायचा. बंदूक मात्र त्याने कधी हातात धरली नव्हती. मित्र शिकार करतो, म्हणून तीही ट्रिपमध्ये आली होती.

हॉस्पिटलमधून घरी आला तेव्हा त्याचा उजवा हात लुळा होता आणि त्याच्याकडे एकच शब्द उरला होता. हो. चहा हवा? हो. खिडकी लावू? हो. उघडू? हो.

स्पीच थेरपिस्ट मला म्हणाली, "त्यांच्या आवडीच्या विषयावर बोला. उत्तराची घाई करू नका." म्हणून मी ट्रिपचं बोलणं पुन्हा काढलं. आशेने वगैरे नाही. काहीतरी बोलायचं होतं आणि माझ्याकडे दुसरा विषय नव्हता. त्या दिवसांत मला काहीच वाटत नव्हतं. दिवसभर घरूनच ऑफिसचं काम करायचे, त्याच्या गोळ्या द्यायचे, संध्याकाळी त्याच्याशेजारी लॅपटॉप उघडून बसायचे. मुलगी बर्मिंगहॅमहून फोन करायची, "आई, तू रडली का?" मी म्हणायचे, वेळ नाही मिळाला. ते खरंच होतं.

पाइक मासा कुठल्या तळ्यात मिळतो, बाहेरच्या माणसाला शिकारीचं लायसन्स कसं काढावं लागतं, क्रौंच पहाटे शेतात कधी उतरतात, हे सगळं मी त्याला वाचून दाखवायचे. तो प्रत्येक गोष्टीला हो म्हणायचा.

एका रविवारी त्याच्या मित्राचा व्हिडिओ कॉल आला. "वहिनी, आता नाही तर पुढच्या वर्षी या. पण आत्ताच सांगून ठेवा, मला सगळी सोय पाहावी लागते ना. काय रे, रानहंसांची शिकार ठेवू ना?"

नवरा स्क्रीनकडे बघत होता. तोंड हललं, आवाज आला नाही. मग म्हणाला, "नको."

मित्र स्क्रीनच्या जवळ आला. "वहिनी, ऐकलंत तुम्ही?"

"ऐकलं," मी म्हटलं.

"ठीक आहे बाबा, शिकार रद्द!" तो हसत होता आणि डोळेही पुसत होता.

फोन ठेवल्यावर मी नवऱ्याला विचारलं, "शिकार नको, की जायचंच नको?"

"नको."

मी उठले. गॅरेजमधून त्याचा फिशिंग रॉड आणला आणि त्याच्या मांडीवर ठेवला. त्याने डाव्या हाताने रॉड धरला. रीळ फिरवायला दुसरा हात लागतो. तो बराच वेळ त्या रिळाकडे बघत राहिला, मग त्याने रॉड माझ्याकडे सरकवला. "नको."

मी रॉड भिंतीला टेकवला आणि माझी दुर्बीण आणली. ती त्याने एका हाताने डोळ्यांशी नेली, बाहेर शेजाऱ्यांच्या छपराकडे बघितलं. तिथे एक कबूतर होतं. दुर्बीण त्याने खाली ठेवली नाही.

"जायचं?" मी विचारलं.

"हो."

हा हो कुठला, ते मला कळलं नाही. मी तो खरा धरला. मित्राला मेसेज केला, "भावजी, मासेमारीही नको. फक्त बघायचं."

पुढच्या सप्टेंबरात आम्ही गेलो. भावजींनी पहाटे पिकअप कापलेल्या गव्हाच्या शेताकडेला उभा केला आणि इंजिन बंद केलं. उजाडताना क्रौंचांचे थवे मोठ्याने ओरडत आले आणि समोर उतरत राहिले, करड्या पंखांनी शेत दिसेनासं झालं. नवऱ्याने काच खाली करायची खूण केली. थंडगार वारा आत आला. भावजी स्टीअरिंगवर डोकं टेकवून रडायला लागले. मी त्यांना टिश्यू दिला. मला अजूनही काही वाटत नव्हतं. फक्त त्याच्या टोपीचे कान खाली ओढले, थर्मासमधून त्याला चहा ओतून दिला, आणि तो चहा थंड होईपर्यंत आम्ही दोघं समोर बघत बसलो.