अम्मन घरात आहे

आधी घसा धरला. कॉलेजात दिवसभर ओरडून गणित शिकवते मी, घसा धरायचाच. मग ताप आला, मानेला दोन्हीकडे लिंबाएवढ्या गाठी आल्या, आणि थकवा असा की केस विंचरायला वर नेलेला हात मध्येच खाली यायचा. ओळखीच्या डॉक्टरांनी घशासाठी अँटिबायोटिक दिलं. त्या गोळ्या चालू असतानाच एका सकाळी अंगभर लाल पुरळ उठलं.

सासूबाईंनी माझा दंड उजेडात धरून पाहिला आणि गोळ्यांचं पाकीट उचलून कपाटात टाकलं. "अम्मन आली," म्हणाल्या. इथे तंजावुरात गोवर-कांजिण्यांना कोणी आजार म्हणत नाही. मारियम्मन देवी, म्हणजे सगळ्यांची आई, घरी येते, माणसाच्या अंगावर बसते. तिला औषधाने हाकलायचं नसतं. दाराला कडुलिंबाची डहाळी बांधली गेली, म्हणजे पाहुण्यांनी बाहेरूनच परतायचं. तिला खपत नाही म्हणून फोडणीही बंद झाली. दोनशे-तीनशे वर्षांपूर्वी आमचे पूर्वज मराठी मुलखातून इथे आले, पण देवीच्या बाबतीत आम्ही पक्के इथलेच.

लग्न झाल्यापासून सासूबाई माझ्याशी कधी धड गोड बोलल्याचं मला आठवत नाही. माझं सांबार पाणचट, माझ्या मराठीत तमिळ फार, एक ना दोन. त्याच आता उशाशी बसून कडुलिंबाच्या पाल्याने वारा घालायच्या. "शांत हो ग आई. रागावू नको. दोन घोट कांजी घे." मीही त्यांना आईच म्हणते. तापाच्या गुंगीत कोण कोणाची आई, काही केल्या उमजेना. मला मूल नाही. त्या हाकेने एवढी मोठी बाई असून मला आपलं रडू यायचं. मी मुद्दाम डोळे मिटून पडायची, म्हणजे त्या आणखी एकदा म्हणतील.

पुरळ गेलं. ताप आणि थकवा काही हलेनात. शेवटी नवऱ्याने मला मोठ्या दवाखान्यात नेऊन रक्त तपासून घेतलं. डॉक्टरीण तरुण होती. म्हणाली, मोनोन्यूक्लिओसिस. थुंकीतून पसरतो, बहुधा कॉलेजच्या पोरांना होतो, याला चुंबनाचा आजारही म्हणतात. नवरा एकदम वरचा पंखा न्याहाळू लागला. अय्यो! आमच्या घरात पेला ओठाला लागला तरी सासूबाई तो घासायला टाकतात. आम्ही सगळे वरून ओतून पाणी पिणारी माणसं, आम्हाला उष्ट्याचा रोग झाला कुठून? त्यावर ती म्हणाली, ते कळणं कठीण. पुरळ त्या गोळ्यांमुळे. हा आजार असताना त्या घेतल्या की असं होतं. औषध काही नाही. प्लीहा सुजली आहे, जड उचलू नका, काही आठवडे नुसती विश्रांती.

"म्हणजे देवी नव्हती?" मी बावळटासारखं विचारलं.

रिक्षात माझ्या डोक्यात एकच: घरी सांगायचं नाही. कळलं की ती हाक बंद. गणित शिकवणारी, चाळिशी उलटलेली बाई मी, आणि खरा आजार लपवायला निघाले होते! पण नवऱ्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. चपला काढता काढताच त्याने सगळं सांगून टाकलं.

सासूबाईंनी स्टूल ओढून आपल्या हाताने डहाळी काढली. संध्याकाळी रसमला मोहरीची चरचरीत फोडणी बसली. "अजून लोळतेसच का? केस बघ, भुतासारखी दिसतेस," झालं सुरू. मी भिंतीकडे तोंड करून रडले. म्हणजे ते सगळे लाड तिचे होते, माझे नव्हतेच. देवीवर जळणारी सून अख्ख्या गावात मीच एक असेन.

आणि वर सुटी तोंडावर आलेली. दरवर्षी सुटीत माझी नणंद कोइमतुराहून पोरं आणि सासरची माणसं घेऊन येते. सासूबाई वर्षभर त्या नातवंडांची वाट पाहत असतात. स्वयंपाकाचा सगळा भार माझ्यावर. इडलीच्या पिठाचं पातेलं कसं उचलायचं या विचारात मी पडले होते, तेवढ्यात बाहेर सासूबाईंचा आवाज आला. फोनवर त्या लेकीशीच बोलत होत्या.

"या सुटीत नको येऊस ग. अम्मन घरात आहे. हो, अजून आहे. पोरांना बाधेल. नको म्हटलं ना!"

मी चक्रावले. डॉक्टरणीचं पटलं नव्हतं की काय? मग डहाळी कोणी काढली? थोड्या वेळाने त्या ताक घेऊन आत आल्या. डोळे लाल दिसत होते.

"आई, अम्मन नव्हतीच ना माझ्यात?"

"नव्हती."

"मग लेकीशी खोटं का बोललात? तेही देवीचं नाव घेऊन?"

"ती आली की तू पातेली उचलायला धावशील. ओळखत नाही का मी तुला?" त्यांनी पेला माझ्या हातात कोंबला. "अम्मनच्या पायांवर डोकं ठेवून काय सांगायचं ते मी सांगते. तू गप ताक पी."