एसटीतले अलंकार

वाशीम-मंगरूळपीर एसटीत रोज भेटणारे इंग्रजीचे सर कधी स्वस्थ बसत नाहीत. पाय हलत असतो, बोटं समोरच्या दांडीवर वाजत असतात आणि कान दुसऱ्यांच्या बोलण्यात. कोणी म्हणालं, "तुले हजारदा सांगतलं," की सर पुटपुटणार, "हायपरबोली." बारावीच्या पोरांकडून अलंकार ओळखून घ्यायची सवय बसमध्येही सुटत नाही. मला हसू येतं, आणि त्यांच्यासमोर तोंड उघडायची धास्तीही वाटते.

परवा त्यांच्या शेजारची बाई फोनवर म्हणाली, "हे गेल्यापासून घर खायले उठते वं."

"पर्सॉनिफिकेशन," सर बोलून गेले.

तिनं फोन खाली घेतला. "म्हणजे काय, सर?"

आता सांगणं भाग होतं. "जे जित्तं नाही, त्याले जित्तं समजून बोलाचं."

"मंग मी रोज तेच करून राह्यली," ती म्हणाली. "आमच्या ह्यायच्या फोटोसंग."

काल कंडक्टर म्हणाला, "ऊन आग ओकून राह्यलं." आम्ही सवयीनं सरांकडे पाहिलं. त्यांचा पाय हलतच होता. खिडकीबाहेर बघत ते म्हणाले, "हो. लय तापलं आज."